वाट शोधणारा तंतू

अनवाणी चालताना पायाच्या अंगठ्यात काटा रुततो. माणसाच्या तोंडून 'आई गं' निघण्यापूर्वीच त्याचा पाय वर उचलला गेलेला असतो; वेदना मागाहून कळते. ही सारी घडामोड क्षणार्धात उरकते, म्हणूनच तिच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. परंतु अंगठ्यातील ती खबर पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचविणारा जो तंतू आहे, त्याची हकीकत ऐकली तर नवल वाटल्यावाचून राहणार नाही. हा तंतू म्हणजे अनेक पेशींची साखळी नव्हे. तो एकाच मज्जापेशीचा लांबवर पसरलेला हात आहे. त्या पेशीचा मुख्य देह कण्याजवळ असतो आणि त्याची रुंदी मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास भरते. तिचा हात मात्र प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक मीटर लांब गेलेला असतो. पेशीचा देह सोललेल्या नारळाएवढा कल्पिला, तर त्याच प्रमाणात हा तंतू दोन किलोमीटर लांबीचा होईल. शास्त्रज्ञ या लांब तंतूला अक्षतंतू असे म्हणतात.

हा अक्षतंतू अंगठ्यापर्यंत पोहोचला कसा? तो गुडघ्यापाशी थांबला नाही, डाव्या पायाऐवजी उजव्या पायात शिरला नाही, कातडीकडे जावयाचे सोडून एखाद्या स्नायूत जाऊन बसला नाही. हे कोणी ठरविले? मनुष्याच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी असतात आणि त्यांतील प्रत्येकीचे असंख्य जोड ठरलेले असतात. याच्या उलट, आईबापांकडून वारशाने मिळणारी प्रथिनांची कृती ज्यांत लिहिलेली असते ती जनुके सुमारे वीस हजारच आहेत. प्रत्येक तंतूचा मार्ग वळणावळणाने लिहून ठेवावयास एवढी सामग्री कधीही पुरणार नाही. तात्पर्य, तंतूच्या हाती तयार नकाशा दिलेला नसतो. त्याला वाट शोधावी लागते, आणि ती शोधण्याचे साधन त्याच्याच टोकाशी असते. त्या साधनाचा शोध कसा लागला व ते कसे चालते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नावर युरोपातील पंडितांत मोठा वाद माजला होता. व्हिक्टर हेन्सेन यांचे म्हणणे असे, की गर्भातील पेशी पहिल्यापासूनच एकमेकींशी बारीक दुव्यांनी जोडलेल्या असतात. शरीर वाढते तसे हे दुवे ताणले जातात आणि तेच पुढे मज्जातंतू होतात. हे खरे असेल, तर वाट शोधण्याचा प्रश्नच उरत नाही. काहींच्या मते अनेक पेशी एका ओळीत जुळून मज्जातंतू तयार करतात. व्हिल्हेल्म हिस यांनी मात्र असे प्रतिपादिले, की प्रत्येक तंतू एकाच पेशीतून फुटतो आणि मोकळ्या टोकाने वाढत जातो. वाद मिटविण्यास पुरावा हवा होता. पण सूक्ष्मदर्शक यंत्राखाली मेंदूचा काप पाहिला, तर तंतूंचा नुसता गुंता दिसे. एक धागा दुसऱ्यापासून वेगळा करणे अशक्य होते.

हा गुंता सुटला तो एका विलक्षण रंगाने. इटलीतील कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ साली चांदीचा क्षार वापरून मज्जापेशी काळ्या रंगविण्याची रीत प्रसिद्ध केली. तिचा विशेष असा, की शेकडो पेशींतून एखाददुसरीच रंगते. परंतु जी रंगते ती तिच्या साऱ्या फाट्यांसह पिवळसर पार्श्वभूमीवर शाईने काढल्यासारखी उठून दिसते. या रीतीचे खरे चीज केले ते स्पेनमधील सान्तियागो रामोन इ काहाल यांनी. लहानपणी त्यांना चित्रकार व्हावयाचे होते. वडिलांनी त्यांना वैद्यकाकडे वळविले. पण हातातील रेषा गेली नव्हती आणि डोळ्यांची पारखही. काहाल यांनी एक साधी युक्ती केली. घनदाट अरण्यातील वृक्ष न्याहाळता येत नसतील, तर ते रोपटी असतानाच पाहावेत, या विचाराने त्यांनी पूर्ण वाढलेल्या मेंदूऐवजी गर्भातील कोवळा मेंदू आणि मज्जारज्जू तपासावयास घेतला.

१८९० साली बार्सिलोना येथे, अंड्यातील कोंबडीच्या पिलाचा मज्जारज्जू तपासीत असता, वाढत्या तंतूच्या टोकाशी त्यांना एक फुगीर, शंकूच्या आकाराचा भाग दिसला. त्याच्या कडेवर बारीक काटे होते. त्या मृत, रंगविलेल्या कापात काहीही हालत नव्हते. तरीसुद्धा काहाल यांनी ओळखले, की हे टोक जिवंतपणी स्वस्थ बसणारे नव्हे. भोवतालच्या पेशींमधून ते रेटा देत, चाचपत, वाट काढीत पुढे सरकत असले पाहिजे. त्यांनी त्याला वृद्धिशंकू हे नाव दिले. पुढे दोनच वर्षांनी त्यांनी आणखी एक तर्क मांडला: काही पेशींतून विशिष्ट द्रव्ये पाझरत असावीत आणि वृद्धिशंकू त्यांच्या रोखाने ओढला जात असावा. १९०६ साली गोल्जी आणि काहाल या दोघांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले. गमतीची गोष्ट अशी, की मज्जापेशी स्वतंत्र असतात हे काहाल यांचे मत गोल्जी यांना मुळीच मान्य नव्हते आणि पारितोषिकाच्या प्रसंगीच्या व्याख्यानातही त्यांनी त्याला विरोध केला.

काहाल यांचा तर्क खरा होता, पण तो तर्कच होता. तो प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्याचे श्रेय अमेरिकेतील रॉस हॅरिसन यांच्याकडे जाते. १९०७ साली त्यांनी बेडकाच्या गर्भातून, पुढे जेथून मज्जारज्जू बनावयाचा, तेथील एक बारीकसा तुकडा काढला. मोठ्या बेडकाच्या लसिकेचा थेंब काचेवर घेऊन त्यात तो तुकडा ठेवला. थेंब गोठला, तेव्हा ती काच उलटी करून खोलगट काचेवर बसविली आणि कडा मेणाने बंद केल्या. शरीराबाहेर, एका लोंबत्या थेंबात, त्या पेशी जिवंत राहिल्या, आणि त्यांतून तंतू फुटून रिकाम्या जागेत वाढताना हॅरिसन यांनी पाहिले. तेथे आधीपासूनचे दुवे नव्हते की पेशींची साखळी नव्हती. प्रत्येक तंतूच्या टोकाशी काहाल यांचा वृद्धिशंकू होता, आणि त्याच्या कडेवरील काटे सारखे बाहेर येत होते, आत जात होते. त्या एका थेंबाने दीर्घकाळचा वाद मिटविलाच, शिवाय शरीराबाहेर पेशी वाढविण्याची जी विद्या आज जगभर प्रयोगशाळांतून चालते, तिचा पायाही घातला.

आता प्रश्न उरला तो असा, की हे इवलेसे टोक हालते कशाने? पेशी म्हणजे काही पाण्याचा फुगा नव्हे. तिच्या आत प्रथिनांचे एक बांधकाम असते. त्याला पेशीचा सांगाडा म्हणण्याचा प्रघात पडला आहे. पण हा शब्द काहीसा फसवा आहे. हाडांचा सांगाडा एकदा तयार झाला की आकाराने कायम राहतो. पेशीचा सांगाडा लग्नाच्या मांडवासारखा असतो. वासे उभे राहतात, दोऱ्या बांधल्या जातात, आणि गरज सरली की तेच वासे व त्याच दोऱ्या सोडून दुसरीकडे नेल्या जातात. फरक इतकाच, की हा मांडव अखंड उभारला जात असतो आणि त्याच वेळी अखंड मोडलाही जात असतो.

या मांडवातील दोन प्रकारचे सामान येथे विशेष महत्त्वाचे आहे. पहिले सूक्ष्मनलिकांचे. ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाचे कण एकावर एक रचले जाऊन पोकळ नळ्या बनतात. एका नळीची जाडी मिलिमीटरच्या सुमारे चाळीस हजाराव्या हिश्शाइतकी असते. या नळ्या अक्षतंतूच्या पोटातून समांतर गेलेल्या असतात. त्या तंतूला ताठपणा देतात आणि पेशीच्या देहातून टोकापर्यंत माल वाहून नेणाऱ्या रुळांचेही काम करतात. दुसरे सामान ॲक्टिनच्या धाग्यांचे. ॲक्टिन हे प्रथिन प्रथम स्नायूंत सापडले. हंगेरीतील सेगेद येथे ब्रूनो स्ट्राउब यांनी १९४२ साली ते वेगळे केले. त्याचे धागे सूक्ष्मनलिकांहून कितीतरी बारीक असतात आणि मुख्यतः वृद्धिशंकूच्या बाहेरच्या कडेला दाटलेले असतात. ज्यांना काहाल यांनी काटे म्हणून रेखाटले, ते तंतुपाद म्हणजे ॲक्टिनच्या धाग्यांच्या जुड्याच होत. थोडक्यात, मागे नळ्या आणि पुढे धागे, अशी ही रचना असते.

यांपैकी कोण काय करते, हे कळण्यास दोन विषांचे साहाय्य झाले. पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारांवर कळलावीची वेल फुलते. तिची लाल-पिवळी, ज्वाळेसारखी फुले ज्यांनी पाहिली ते ती विसरत नाहीत. तमिळनाडूने हेच फूल राज्यपुष्प म्हणून निवडले आहे. कळलावीचा कंद जहाल विषारी असतो, कारण त्यात कॉल्चिसिन नावाचे द्रव्य असते. युरोपात हेच द्रव्य दुसऱ्या एका वनस्पतीपासून काढून संधिवाताच्या एका प्रकारावर पूर्वापार देत आले आहेत. ते पेशीत नेमके कोणाला चिकटते याचा शोध शिकागो येथे गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी घेतला, तेव्हा १९६७ च्या सुमारास सूक्ष्मनलिकांचे प्रथिन हाती आले. आणि त्या प्रथिनाचा साठा मेंदूत विपुल आढळला. कॉल्चिसिन चिकटले की ट्यूब्युलिनचे कण नळीत रचले जात नाहीत. दुसरे विष सायटोकॅलेसिन. ते बुरशीपासून मिळते आणि ॲक्टिनच्या धाग्यांची वाढ रोखते.

१९७० साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात यामादा, स्पूनर आणि वेसेल्स यांनी कोंबडीच्या गर्भातील मज्जापेशींवर ही दोन्ही विषे वापरून पाहिली. कॉल्चिसिन घालताच टोकाची चळवळ लगेच थांबली नाही. काटे काही काळ हालत राहिले. पण मागचा तंतू आखडत चालला. सायटोकॅलेसिन घातले तेव्हा याच्या उलट झाले. तंतू जागच्या जागी टिकला, पण टोक निश्चेष्ट पडले, काटे आत ओढले गेले आणि वाढ खुंटली. यावरून असे दिसले, की नळ्या तंतूला लांबी देतात आणि धागे टोकाला हालचाल देतात.

परंतु धाग्यांचे खरे काम याहून सूक्ष्म आहे, हे पुढील काळात उघड झाले. टोळाच्या गर्भात पाय फुटू लागतो, तेव्हा त्याच्या टोकाशी असलेल्या दोन मज्जापेशी सर्वांच्या आधी तंतू पाठवितात. पायातून मध्यवर्ती मज्जासंस्थेकडे जाणारी वाट प्रथम त्याच पाडतात; मागाहून येणारे तंतू त्यांच्या मागोमाग जातात. म्हणून त्यांना अग्रदूत पेशी म्हणतात. वाटेत त्या ठरलेल्या पेशींना स्पर्श करतात आणि ठरलेल्या जागी वळतात. १९८६ साली बर्कली येथे डेव्हिड बेंटले आणि अल्मा टोरोइयन-रेमंड यांनी या गर्भांना सायटोकॅलेसिनच्या अशा मात्रेत ठेवले, की तंतुपाद नाहीसे व्हावेत. तंतूंची वाढ थांबेल अशी कोणाचीही अपेक्षा असती. ती थांबली नाही. तंतू लांब होत राहिले, पण भरकटले. जेथे वळावयाचे तेथे ते वळले नाहीत, आणि भलत्याच दिशांना फिरू लागले. सात वर्षांनी, आफ्रिकी बेडकाच्या गर्भात डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंच्या बाबतीतही हाच प्रकार दिसून आला. तंतुपाद गमावलेले तंतू आपले मुक्काम ओलांडून पुढे निघून गेले. काठी हिरावून घेतलेला आंधळा मनुष्य चालू शकतो, पण घर गाठू शकत नाही. तंतूची तीच गत झाली.

मग हे तंतुपाद दिशा देतात ती कशी? येथे समुद्री गोगलगाईची मदत झाली. अप्लिझिया नावाच्या या गोगलगाईच्या मज्जापेशींचे वृद्धिशंकू इतके मोठे असतात, की त्यांच्या आतील हालचाल सूक्ष्मदर्शकाखाली उघड दिसते. १९८८ साली पॉल फोर्शर आणि स्टीफन स्मिथ यांनी दाखविले, की ॲक्टिनचे धागे कडेपाशी सतत रचले जातात, तेथून मागे मागे ओढले जातात, आणि आतल्या बाजूस सुटे होतात. सुटे झालेले कण पुन्हा पुढे येऊन रचले जातात. म्हणजे टोक स्थिर दिसत असतानाही त्याच्या आत एक पट्टा अखंड मागे सरकत असतो. इतका खटाटोप करून टोक जागच्या जागीच राहात असेल, तर हा सारा अपव्यय नव्हे काय?

चिखलात रुतलेल्या मोटारीचे उदाहरण घेतले म्हणजे याचा उलगडा होतो. यंत्र चालू असते, चाक गरगरा फिरते, चिखल मागे उडतो. गाडी मात्र तसूभर हलत नाही. कोणी चाकाखाली दगड घातला, की तेच चाक, तेवढ्याच जोराने फिरत असता, गाडी पुढे नेते. वृद्धिशंकूच्या बाबतीत असा दगड म्हणजे बाहेरच्या पृष्ठभागाशी जुळणारी पकड. तंतुपादाच्या अंगावर निरनिराळी ग्राहक प्रथिने असतात. त्यांपैकी एखाद्याला बाहेर जुळता जोडीदार भेटला, की ते आतील धाग्यांशी जखडले जाते. मग मागे सरकणारा पट्टा त्या ठिकाणी मंदावतो आणि कड पुढे रेटली जाते. उजवीकडे पकड मिळाली तर टोक उजवीकडे झुकते. कोठेच मिळाली नाही, तर ते चाचपडत राहते.

याच सुमारास सूक्ष्मनलिकांविषयीही एक अनपेक्षित गोष्ट कळून आली होती. १९८४ साली टिम मिचिसन आणि मार्क किर्शनर यांनी दाखविले, की एकाच द्रवात काही नळ्या शांतपणे वाढत असतात, तर त्याच वेळी शेजारच्या नळ्या एकाएकी कोसळत असतात. कोसळलेल्या नळीचे कण वाया जात नाहीत. ते वाढणाऱ्या नळ्यांच्या उपयोगी पडतात. वृद्धिशंकूच्या मध्यभागातून अशा नळ्या चारी बाजूंना डोकावत असतात. जेथे धाग्यांचा प्रवाह जोराने मागे येत असतो, तेथे त्या लोटल्या जातात किंवा मोडतात. जेथे पकड बसून प्रवाह मंदावला आहे, तेथे त्यांना आत शिरावयास मार्ग मिळतो. त्या तेथे टिकतात, जुडीने एकत्र येतात, आणि कालचे टोक आजचा तंतू होऊन जाते. धागे चौकशी करतात आणि नळ्या निर्णय पक्का करतात. अनेक प्रयत्नांतील बहुतेक मोडून टाकावयाचे आणि एक राखावयाचा, ही या सांगाड्याची रीत आहे. तो पोलादासारखा कायमचा असता, तर वळू शकला नसता.

पकड कोठे बसावी हे सांगणाऱ्या खुणाही हळूहळू हाती आल्या. मज्जारज्जूच्या मागील भागातून निघणारे काही तंतू खाली मध्यरेषेकडे जातात आणि ती ओलांडून दुसऱ्या बाजूस पोहोचतात. त्यांना बोलावणारे प्रथिन सॅन फ्रान्सिस्को येथे मार्क टेसिये-लाव्हीन यांच्या प्रयोगशाळेत, कोंबडीच्या हजारो गर्भांचे मेंदू गोळा करून, १९९४ साली वेगळे करण्यात आले. त्याला नाव देण्यात आले नेट्रिन, आणि ते संस्कृतातील 'नेतृ' या शब्दावरून घेतले आहे. मराठीतील 'नेता' ज्या घराण्यातला, त्याच घराण्यातले हे नाव होय. जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीतही त्याच कुळातील प्रथिन तंतूंना दिशा दाखविते, हे तत्पूर्वीच समजले होते. अर्थात ही व्यवस्था प्राणिसृष्टीत फार प्राचीन असली पाहिजे. प्रारंभी असे मानीत, की नेट्रिन हे मध्यरेषेपासून सुगंधासारखे दूरवर पसरते व तंतूंना ओढून घेते. २०१७ साली उंदरांच्या गर्भांवरील संशोधनाने या चित्रात दुरुस्ती केली. वाटेच्या कडेने साठलेले, जवळचे नेट्रिनच तंतूंना मुख्यतः उपयोगी पडते, असे दिसून आले. दुरून येणाऱ्या वासापेक्षा पायाखालची पकड महत्त्वाची, हाच याचा अर्थ.

बोलावणाऱ्या खुणांप्रमाणे मागे हटविणाऱ्या खुणाही आहेत. १९९३ साली ओळख पटलेल्या अशा एका कुळाचे नाव सेमाफोरिन. ते सेमाफोर म्हणजे रेल्वेच्या हाताच्या सिग्नलवरून पडले. अशा प्रथिनाचा स्पर्श झाला, की वृद्धिशंकूतील ॲक्टिनचे धागे विस्कटतात आणि पसरलेले टोक मिटून जाते. संकेत कोणताही असो, तो शेवटी सांगाड्याच्याच भाषेत उतरावा लागतो. धागे रचावेत की सोडावेत, नळी टिकवावी की मोडावी, याखेरीज वृद्धिशंकूला दुसरी भाषा अवगत नाही. या भाषेचा अभ्यास आज आपल्या देशातही चालू आहे. पुण्याच्या आयसर या संस्थेत कोंबडीच्या गर्भातील वृद्धिशंकूंवर काम झाले असून, ॲक्टिनचे धागे रचणाऱ्या फॉर्मिन नावाच्या प्रथिनांपैकी एक तंतुपादांना स्थैर्य देते, असे तेथे दिसून आले आहे.

या सांगाड्यात बारीकशी चूक झाली, तर काय होते? काही मुले अशी जन्मतात, की त्यांच्या पापण्या खाली ओघळलेल्या असतात आणि डोळे वर किंवा बाजूला फिरत नाहीत. समोरच्याकडे पाहण्यासाठी त्यांना हनुवटी वर उचलून मान मागे टाकावी लागते. पूर्वी हा दोष डोळ्याच्या स्नायूंचा मानला जाई. २०१० साली असे सिद्ध झाले, की अशा काही कुटुंबांत मज्जापेशींतील ट्यूब्युलिनच्या एका प्रकारात बदल झालेला असतो. डोळा फिरविणाऱ्या स्नायूंकडे निघालेले तंतू नीट पोहोचतच नाहीत. वीस हजार जनुकांपैकी एकातील एका अक्षराची चूक. आणि तिच्यापायी एका मुलाला आयुष्यभर मान वर करून जगाकडे पाहावे लागते.

याहून मोठा प्रश्न अपघातात सापडलेल्या माणसांचा आहे. हाताचा किंवा पायाचा मज्जातंतू तुटला आणि त्याची टोके नीट जुळविली, तर नवे वृद्धिशंकू फुटतात व दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने जुन्या वाटेवरून पुढे जातात. मनगटाजवळ झालेल्या जखमेनंतर बोटांत जाणीव परतावयास महिनेच्या महिने लागतात, याचे कारण ही मंद गती होय. परंतु मज्जारज्जू तुटला तर तंतू पुन्हा वाढत नाहीत. झाडावरून पडलेला तरुण, वाहनाखाली सापडलेला मजूर, कमरेखाली कायमचा लुळा होतो. काहाल यांनी १९१३-१४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा तुटक्या तंतूंची चित्रे आहेत. त्यांच्या टोकाशी शंकू नसतो. एक सुजलेली गाठ असते. त्या काळी तंतूंची ही असमर्थता जन्मजात व अटळ मानण्याकडे कल होता.

ती तशी अटळ नाही, हे माँट्रियल येथे १९८१ साली दिसले. सॅम्युएल डेव्हिड आणि आल्बर्ट अग्वायो यांनी पायातील मज्जातंतूचा तुकडा काढून मज्जारज्जूला जोडला, तेव्हा मज्जारज्जूतील तंतू त्या तुकड्यातून लांबवर वाढत गेले. म्हणजे वाढण्याची शक्ती शिल्लक होती. भोवतालचा प्रदेश प्रतिकूल होता. पुढे २००७ साली जर्मनीतील संशोधकांनी टोकाच्या त्या गाठींच्या आत डोकावून पाहिले. वृद्धिशंकूत सूक्ष्मनलिका जुडीने सरळ असतात. गाठीत त्या अस्ताव्यस्त पसरलेल्या होत्या. मांडवाचे वासे होते, पण ते कोसळून पडले होते. नळ्यांना स्थैर्य देणारे टॅक्सॉल हे औषध, जे मुळात एका वृक्षाच्या सालीपासून मिळाले व कर्करोगावर दिले जाते, ते अत्यल्प मात्रेत जखमी उंदरांना दिल्यावर जखमेचा व्रण कमी झाला आणि काही तंतू वाढले, असा वृत्तांत २०११ साली प्रसिद्ध झाला. नंतर हा प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्यांना त्यातील काहीच भाग पडताळता आला. त्याच जातीच्या दुसऱ्या एका औषधाचे परिणाम २०१५ साली अधिक आशादायक दिसले. मनुष्यापर्यंत मात्र हे यश अद्याप पोहोचलेले नाही, आणि तसे भासविणे रुग्णांवर अन्याय करणारे होईल.

सावध राहावयाचे आणखी एक कारण आहे. कर्करोगाच्या रुग्णांना टॅक्सॉल पूर्ण मात्रेत दिले, की अनेकांच्या हातापायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात. आपल्या अंगणातील सदाफुलीपासून काढलेले व्हिंक्रिस्टिन हे औषधही हाच त्रास देते. एक नळ्यांना गोठविते, दुसरे त्यांना रचू देत नाही. आणि दोन्हींचा फटका प्रथम सर्वांत लांब तंतूंना बसतो, म्हणजे पायाच्या बोटांकडे जाणाऱ्या तंतूंना. अधिक स्थैर्यही बरे नव्हे आणि अधिक चंचलताही बरी नव्हे. वाढता तंतू या दोहोंच्या मधून चालत असतो, आणि त्याला मदत करू इच्छिणाऱ्या वैद्यालाही त्याच अरुंद वाटेने जावे लागणार आहे.

काहाल यांनी मृत कापात पाहिलेल्या काट्यांपासून येथवर येण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. कोंबडी, बेडूक, टोळ, गोगलगाय, कृमी आणि उंदीर यांनी या कामी आपापला वाटा उचलला. ज्याचा मज्जारज्जू शाबूत आहे त्याला पायात रुतलेला काटा ही पीडा वाटते. ज्याचा तो तुटला आहे, त्याच्या पायात काटा रुतला तरी कळत नाही. जखम चिघळल्यावर ती दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेस पडते. तो काटा पुन्हा बोचावा, एवढीच अशा माणसाची इच्छा असते. ती कधी पुरी झालीच, तर तुटलेल्या तंतूच्या टोकाशी पुन्हा एकदा तोच इवलासा शंकू उमलेल आणि हाताने चाचपीत, दिवसाला एक मिलिमीटर याप्रमाणे, अंगठ्याची वाट चालू लागेल.